टाकीच्या तोंडावरचा माणूस

वासुदेवला गावात कुणी वासुदेव म्हणत नाही. तोंडावर 'कप्तान' म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात ते त्याच्या बायकोने, रक्षाने, इतक्या वर्षांत पुरेपूर ऐकून घेतलंय. गाव समुद्रपूर तालुक्यातलं, गिरडच्या रस्त्यावरचं. इथे समुद्र काय तो तालुक्याच्या नावात. बाकी नाल्याला पूर आला की तेवढंच पाणी, तेही दुसऱ्या दिवशी ओसरतं. अशा गावातला माणूस जगातल्या सगळ्यात मोठ्या तेलवाहू जहाजावर नोकरी करून आला, ही त्याची पहिली चूक. ते त्याने गावाला सांगितलं, ही दुसरी.

आता त्याचं वय साठीला टेकलंय आणि जगाकडे त्याचं एकच मागणं उरलंय. आईने, आनंदाबाईने, मरायच्या आधी त्याच्या हातचं घोटभर पाणी प्यावं. भाऊ गेल्यापासून ती माउली त्याच्या हातचं पाणी घेत नाही. अंगण एक, विहीर एक, पण त्याने भरलेल्या माठाकडे ती बघतसुद्धा नाही.

कप्तान तो कधीच नव्हता. हिंगणघाटला आयटीआयमधून फिटर झाला, मुंबईला गेला, ओळखीपाळखीने आधी लहानसहान बोटींवर लागला आणि मग तेलाच्या जहाजांवर. शेवटी ज्या जहाजावर चढला, तशी तेव्हा जगात चारच होती. कोरियात एकापाठोपाठ एक बांधलेल्या चार बहिणी, लांबी-रुंदी-तोंडवळा सगळं सारखं. पहिल्या सुट्टीत घरी आला तेव्हा पानटपरीवर लोकांनी विचारलं, किती मोठं रे तुझं जहाज? त्याने भोळेपणाने सांगितलं की आपल्या बसथांब्यापासून देवळापर्यंत घेतलं तरी पुरणार नाही, आणि या टोकाचा माणूस त्या टोकाला जायला डेकवर सायकल चालवतो. झालं. टपरीवरची मंडळी इतकी हसली की एकाच्या तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा शर्टावर सांडला.

"जहाजावर सायकल. मंग बैलगाडी बी असन," नत्थू म्हणाला. नत्थू म्हणजे शेजारच्या वावरातला, लहानपणापासूनचा सोबती.

त्यानंतर वासुदेव जे जे सांगेल त्याची गंमत व्हायची. डेक पांढराफेक रंगवलेला असतो, उन्हाने तेलाची वाफ होऊ नये म्हणून, हे सांगितलं तर म्हणाले, चुना मारत होता म्हण ना. जहाज भरलेलं असलं की कालव्यातून मावत नाही, अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालावा लागतो, हे सांगितलं तर म्हणाले, मग त्याचा उपयोग काय. आणि इंजिन बंद केलं तरी ते कित्येक मैल पुढे जातच राहतं, हे सांगितलं तेव्हा मात्र त्याच्या थोरल्या भावाने, भैय्याजीने, त्याची बाजू घेतली. "आपल्या आबाचं बोलनं बी तसंच होतं," तो म्हणाला. भैय्याजी असा होता. अंगाने आडवा, मनाने मोकळा, आणि कुणाचं ऐकायचं नाही हा एकच दुर्गुण.

एक गोष्ट मात्र वासुदेवने टपरीवर कधी सांगितली नाही. त्याचं जहाजावरचं खरं काम काय होतं, ती.

त्या जहाजाच्या पोटात तेलाच्या टाक्या असतात. एकेक टाकी एवढी खोल की वरून वाकून पाहिलं तर तळाचा माणूस ओळखू येत नाही. तेल उपसून काढलं की रिकाम्या टाकीत वाफ उरते, ठिणगी पडली तर जहाज फुटेल. म्हणून त्या टाकीत मुद्दाम धूर भरतात. जहाजाच्याच धुराड्यातला धूर, धुऊन, गार करून. आग लागायला हवा लागते, ती हवाच ठेवायची नाही. अर्थात जिथे आग जगत नाही तिथे माणूसही जगत नाही. टाकी साफ करायची वेळ आली की आधी धूर काढायचा, ताजी हवा भरायची, यंत्र आत सोडून ती तपासायची, आणि मगच माणसं उतरवायची. ती उतरली की टाकीच्या तोंडावर एक माणूस उभा राहतो. त्याने खाली जायचं नाही. काहीही झालं तरी जायचं नाही. आत किती गेले ते मोजायचं, बाहेर किती आले ते मोजायचं, आणि आत कुणी पडला तर शिट्टी मारून तोंडावर हवेची नळकांडी लावलेली माणसं बोलवायची. वासुदेव तो तोंडावरचा माणूस होता.

हे काम त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. तो नवा होता तेव्हाची गोष्ट. एक पोरगा हातातून निसटलेला पाना काढायला, नुसतं चार पायऱ्या उतरतो म्हणून टाकीत गेला आणि तिथेच कोसळला. त्याला काढायला त्याचा जोडीदार गेला. तोही गेला तो गेलाच. वासुदेव तिसरा निघाला होता. तेवढ्यात मागून म्हाताऱ्या फिलिपिनी मुकादमाने त्याला लोखंडी डेकवर पालथा पाडला आणि त्याच्या पाठीवर बसला. वासुदेव त्याला चावला, शिव्या दिल्या, रडला. म्हातारा हलला नाही. नळकांडीवाली माणसं आली, त्यांनी दोन्ही मुडदे वर काढले, तेव्हा कुठे म्हातारा उठला. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने आपल्या ताटातली मासळी वासुदेवच्या ताटात वाढली. एवढंच.

पुढे त्या चारी बहिणींचे दिवस भरले. एवढ्या मोठ्या जहाजाला रोजचं काम मिळेना, तेव्हा त्यांना आखातात आणि कुठे कुठे जागच्या जागी नांगर टाकून उभं केलं. नुसतं तेल साठवायचं, कुठे जायचं नाही. म्हाताऱ्या म्हशी दावणीला बांधाव्यात तसं. माणसं कमी केली, त्यात वासुदेव घरी आला. गावाने त्याचं स्वागत एका वाक्यात केलं, "काय कप्तान, बुडवलं काय जहाज?" तो भावाच्या जोडीने शेती करू लागला आणि दोन-तीन वर्षं बरी गेली.

मग तो वैशाख आला. विहिरीचं पाणी तळाला गेलं. वरून इंजिन पाणी ओढेना, तेव्हा भैय्याजीने सगळेच करतात तेच केलं. डिझेल इंजिन दोराने विहिरीत सोडून अर्ध्यावरच्या दगडी टप्प्यावर बसवलं. आमच्याकडे निम्म्या वावरांत हेच चालतं. वासुदेवने पाहिलं आणि तो हातातलं काम टाकून विहिरीशी आला.

"दादा, हे वर काढ. याचा धूर खाली बसते. माणूस मरते यानं."

"तुया जहाजाच्या पोटात इंजिन चालते ना?" भैय्याजी हसत म्हणाला. "मंग विहिरीच्या पोटात काऊन नाई?"

"तिथं धुराडं राह्यते. पाच माळ्याचं."

"आनून दे मंग एखांदं. तुयी ओळख हाये."

धीरज, भैय्याजीचा मुलगा, तेव्हा विशीतला, तोही हसला. वासुदेव गप्प बसला. तो तेव्हा गप्प बसला नसता, इंजिनाचा दोरच तोडला असता, तर आज वेगळं असतं. पण ज्याचं आयुष्यभर हसू झालंय त्याला एकदा सांगून गप्प बसायची सवय लागते.

चार दिवसांनी दुपारी त्याला बांधावरून धीरजचा ओरडा ऐकू आला. तो पळत पोचला तेव्हा काय झालं होतं ते सरळ होतं. पाणी यायचं थांबलं, म्हणून भैय्याजीने इंजिन बंद केलं आणि पाइपाच्या तळाची जाळी साफ करायला तो खाली उतरला. उतरला आणि भोवळ येऊन पडला. खाली कमरेइतकं पाणी, त्यात तो पालथा तरंगत होता. धीरजने पिढीजात रीत पाळली होती. बादलीत कंदील ठेवून विहिरीत सोडला होता. कंदील विझला तर खाली वाईट हवा, जळत राहिला तर खुशाल उतरा. कंदील तळाशी जाऊनही शांत जळत होता. धूर म्हणावा तर डोळ्यांना दिसत नव्हता.

"काका, दिवा जळून राह्यला. म्या जातो," म्हणून धीरजने दोराला हात घातला.

दिव्याला एवढंच कळतं की हवा सरली की उरली. इंजिनाच्या धुरातलं विष दिव्याला कळत नाही. त्या विषात दिवा मजेत जळतो आणि माणूस मरतो. हे त्या विहिरीच्या काठावर एकट्या वासुदेवला ठाऊक होतं, आणि समजावायला वेळ नव्हता. त्याने पुतण्याला मागे खेचलं, काळ्या मातीत पालथं पाडलं आणि त्याच्या पाठीवर बसला.

ओरड्याने माणसं धावली. नत्थू आला. भैय्याजीचा साळा प्रफुल आला. पलीकडच्या वावरातून कैलास आला. प्रत्येकाने विहिरीत वाकून जळता कंदील पाहिला, कमरेइतकं पाणी पाहिलं, आणि प्रत्येक जण उतरायला निघाला. नत्थूने तर दोर कमरेला बांधलाच. वासुदेवच्या हाताशी वैरण कापायचा विळा पडला होता. तो धीरजच्या पाठीवरून न उठता पुढे वाकला आणि त्याने दोर कापला.

"जो उतरन त्याले म्या कापीन," तो म्हणाला. "दोर नाई, त्याले."

चौघांनीही त्याला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिघं थबकले. खाली धीरज मातीत तोंड घासत बापाला हाका मारत होता. आणि मग वासुदेवने शिट्टी मारायच्या जागी काय केलं, तर गळ आणायला सांगितला. विहिरीत पडलेल्या बादल्या काढतात तो लोखंडी आकड्यांचा गळ. कारण तोंडाला नळकांडी लावलेली माणसं या गावात कुठून येणार. मुकादमाचा नियम त्याने पाळला होता, पण नियमाचा अर्धाच भाग त्याच्याजवळ होता. उरलेला अर्धा जहाजावर राहिला होता.

गळाची दोरी आखूड पडली. विहिरीचा दोर तर त्यानेच तोडलेला. तुकड्याला तुकडा जोडून गाठी मारल्या, त्या गाठी कप्पीत अडकल्या. हाताने सोडायचं ठरलं. पहिल्यांदा गळ सदऱ्याच्या कॉलरला लागला आणि कापड फाटून सुटला. दुसऱ्यांदा तो गालाला लागला. तिसऱ्यांदा पँटच्या पट्ट्यात अडकला आणि भैय्याजी वर आला. आनंदाबाई तोवर धापा टाकत वावरात पोचली होती. तिने थोरल्या लेकाचं तोंड मांडीवर घेतलं, गाल पाहिला, आणि मग धाकट्याच्या हातातला गळ पाहिला.

तालुक्याच्या दवाखान्यात बुडून मृत्यू असं निघालं. ते खोटंही नव्हतं. फुप्फुसात पाणी होतं, त्याला डॉक्टर काय करणार. पण गावाला तेवढं पुरलं. कमरेइतक्या पाण्यात सख्खा भाऊ बुडून मेला, दिवा जळत होता, चार जवान माणसं काठावर होती, आणि हा विळा घेऊन उभा राहिला. बरं, उभा राहिला तर राहिला, जनावर ओढावं तसं भावाला गळाने ओढलं. आता जमीन कुणाला मिळाली, असंही एकाने विचारून घेतलं. जमीन भैय्याजीच्या बायकोच्या, शोभाबाईच्या नावावर चढली होती आणि वासुदेवनेच खेपा घालून चढवली होती, पण ते विचारायला कोण बसलंय.

तेराव्याला त्याने आईला समजावायचा प्रयत्न केला. "माय, दिव्याले ते वीष समजत नाई."

"तुले समजलं होतं ना?" आनंदाबाई म्हणाली. "मंग माहा भैय्या काऊन मेला?"

त्याने तिच्यापुढे पाण्याचा गडवा सरकवला. तिने तो उचलून तुळशीत ओतला. तेव्हापासूनचं हे पाणी.

गाव क्रूर असतं ते कुणाला मारून नव्हे. मारलं तर पोलीस येतात. गाव हसतं. पोरं त्याच्या दारावरून जाताना ओरडायची, "कप्तान, बादली पडली, गळ आना." लग्नाच्या मांडवात तो दाराशी उभा राहिला तर कुणीतरी म्हणायचं, तोंडावर नको उभा राहू बाबा, आत माणसं आहेत. आणि सगळ्यात वाईट त्या चौघांचं झालं. म्हणजे फार चांगलं झालं. न केलेल्या धाडसाचं कौतुक फुकट मिळतं, ते त्यांना वर्षानुवर्षं मिळालं. नत्थू टपरीवर सांगायचा की मी दोर बांधलाच होता, दोन मिनिटांत भैय्याजीला खांद्यावर टाकून वर आणलं असतं. प्रफुल सांगायचा की मी पोहणारा माणूस. कैलास तर त्या दिवशी काही बोललासुद्धा नव्हता, तोही पुढे सांगू लागला की मी उडीच घेत होतो. चौघं धडधाकट होते, पोराबाळांचे झाले होते, चहा पीत होते, आणि बोलायला त्यांच्या छातीत भरपूर हवा होती. ती हवा कुणामुळे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आलं असेल तर त्याने ते चहाबरोबर गिळलं.

धीरज मात्र बढाई मारत नसे. तो वासुदेवकडे बघतच नसे. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. ती दुडुदुडु चालत एकदा वासुदेवच्या मांडीवर येऊन बसली, तर धीरजने येऊन तिला बखोटीला धरून उचलून नेलं. रक्षा त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "तुमी त्याले जाऊ द्यायचं होतं. मेला असता तर तुमाले नावं ठेवाले तरी उरला नसता." मग स्वतःच तोंडाला पदर लावून रडली, कारण पोरगी तिलाही आवडायची.

यंदा दिवाळीनंतर आनंदाबाईने अंथरूण धरलं. धीरजने तिला सावंगीच्या दवाखान्यात नेलं, आठवडाभर ठेवलं. वासुदेव रोज एसटीने जायचा आणि व्हरांड्यात बसून परत यायचा. डॉक्टरांनी सांगितलं की वय झालंय, घरी न्या, जवळच्यांना भेटू द्या. जवळच्यांत तो येतो की नाही हे डॉक्टरांना विचारण्यात अर्थ नव्हता.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा श्वास लागला. धीरज औषधाला गेला होता. शोभाबाई उशाशी होती. वासुदेव फुलपात्रात पाणी आणि तुळशीचं पान घेऊन दारात येऊन उभा राहिला. शोभाबाईने त्याच्याकडे पाहिलं. नवरा तिचा गेला होता, तरी इतक्या वर्षांत तिने त्याला वावगा शब्द बोललेला नव्हता. ती उठून बाजूला झाली.

तो आईजवळ बसला. चमच्यात पाणी घेतलं. "माय, मी वासुदेव. एक घोट घे."

आनंदाबाईला शुद्ध नाही असं सगळे म्हणत होते. पण तिने डोळे उघडले, त्याला नीट ओळखलं आणि दात घट्ट मिटले. चमच्यातलं पाणी ओठांवरून ओघळून गालावर गेलं, आणि तिथून उशीत. त्याने दुसरा चमचा भरला. तोही तसाच गेला. तिसरा भरण्याआधी शोभाबाईने पदराने सासूचा गाल पुसला. "जा आता भाऊजी," ती हळूच म्हणाली. "धीरज येते."

तासाभरात आनंदाबाई गेली. धीरज परत आला तेव्हा तिच्या तोंडात पाणी त्याने घातलं. ते तिने घेतलं की नाही हे आता कळण्यासारखं नव्हतं.

तिरडी बांधून झाली. गावात असल्या कामाला बापूजी पुढे असतात. ऐंशीचे आहेत, सगळ्यांची मरणं त्यांनीच पार पाडलीत. ते म्हणाले, "धाकटा का होईना, पोटचा लेक हाये. मडकं त्यानं धरावं, खांदा त्यानं द्यावा. रीत हाये."

वासुदेव ओल्या पंच्याने उभा होता. तो एक पाऊल पुढे आला. धीरज मधे उभा राहिला.

"म्या माह्या बापाले काढाले जात होतो तवा हा माह्या पाठीवर बसला होता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. आवाज चढवला नाही. "माह्या आजीले याचा हात लागू देनार नाई. तिचीच मर्जी होती."

बापूजींनी इकडेतिकडे पाहिलं. वासुदेवला बोलता आलं असतं. तो म्हणू शकला असता की पोरा, तू आज खांदा द्यायला उभा आहेस तो कशाने. पण तेही धीरजने ऐकलं नसतं, आणि आईच्या मढ्यापुढे उपकार काढणारा म्हणून आणखी एक नाव पडलं असतं. तो पाऊल मागे आला. वाईट त्याला आईचं वाटलं, फार वाटलं. धीरजचा राग मात्र त्याला तेव्हाही आला नाही, आणि याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

बापूजींनी मडकं भावकीतल्या एका पोराच्या हाती दिलं आणि खांद्याला माणसं बोलावली. पुढे उजवीकडून धीरज लागला. डावीकडून नत्थू आला. मागे आनंदाबाईच्या सुनेचा भाऊ म्हणून प्रफुल, आणि चौथी जागा रिकामी दिसली तशी गर्दीतून कैलास पुढे झाला. 'राम बोलो'च्या गजरात तिरडी उचलली गेली. उन्हात चौघांच्या छात्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. म्हातारी हलकी होती, पण नत्थूला आता दम लागतो.

फाटकाशी वासुदेव उभा होता. तिरडी त्याच्यासमोरून बाहेर पडली. मागून कुणीतरी म्हणालं, "कप्तान, वाट सोड." तो भिंतीला लागून उभा राहिला. टाकीतून माणसं बाहेर येताना ती मोजायची, ही त्याची जुनी सवय. चारही जण बाहेर आले. मग त्याने खांद्यावरचा ओला पंचा सारखा केला आणि सगळ्यांच्या मागून चालू लागला.